अळशीचं तेल

इस्त्री परत आली ती ओल्या लाकडाचा वास घेऊन.

नलिनीनं ती दारातच नाकाशी नेली. राधाताई अजून उंबऱ्याबाहेर उभी होती, पदरानं गळ्याचा घाम टिपत. "झालं बाई काम. बरं झालं तुमच्याकडे होती," असं म्हणून ती वळलीसुद्धा. इस्त्रीच्या तळाला तांबूस डाग पडला होता. कपडा करपला की काळं चिकटतं. हा डाग चहाच्या काढ्यासारखा पसरलेला होता. आणि राधाताईच्या दोरीवर सकाळपासून एकही धुतलेला कपडा नव्हता. मग हिनं इस्त्री फिरवली कशावर?

नलिनीच्या नजरेतून असलं काही सुटायचं नाही. जयवंत म्हणायचा, "हिला डोळे दोनच आहेत, पण ते पाळीपाळीनं झोपतात."

सध्या तर तिला पाहायला कारण होतं. जून लागला की तिची रजा संपणार होती. सोमवारी टेलिफोन खात्यात हजर व्हायचं, आणि आठ महिन्यांच्या जुईला दिवसभर ठेवायचं ते याच राधाताईकडे. सासू कणकवलीला, गुरं आणि कलमं टाकून ती चारकोपच्या या दोन खोल्यांत येऊन बसणार नव्हती. आईला दम्यानं स्वतःचंच होत नव्हतं. मे महिनाभर नलिनीनं शोध शोध शोधलं, आणि शेवटी भिंतीपलीकडचीच बाई तिला पसंत पडली. राधाताईनं तीन मुलं वाढवली होती, नवरा भीमराज बसवर कंडक्टर, घर लख्ख. जुई तर तिला पाहिलं की तिच्याकडे अंग झोकून द्यायची.

आईला हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "शेजारी म्हणजे... ते? दुसरं कोण मिळालं नाय तुला?"

नलिनी तिच्यावर तडकली होती. "आई, कुठल्या काळात आहेस गं तू?" तडकली खरी, पण ते वाक्य माशाच्या काट्यासारखं घशात राहिलं ते राहिलंच. भात गिळला तरी जाईना.

दोन्ही घरांच्या मागे मिळून एक चिंचोळा बोळ होता, मोरीचं पाणी जायला. तिथंच दोघींच्या दोऱ्या. राधाताईचे सासरे धोंडिराम गावाहून येऊन राहिले तेव्हापासून त्या दोरीवर नवाच प्रकार दिसायला लागला होता. तेलकट, पिवळट चिंध्या. फेकून द्यायच्या लायकीच्या, पण म्हातारा त्या एकेक सुटी करून, पापड घालावेत तशा ताणून, चिमटे लावून वाळत घालायचा. दोन चिंध्या वाऱ्यानं एकमेकींना चिकटल्या तर आतून उठून यायचा आणि सोडवून जायचा. कधी तीन असायच्या, कधी सहा.

नलिनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राही. घाणेरड्या फडक्यांची कुणी एवढी निगुती करतं का? ही खूणच असली पाहिजे. कुणाला तरी काहीतरी कळवायची खूण.

आणि ज्याला कळवायचं तो माणूसही इस्त्री नेण्याच्या दोनच दिवस आधी, संध्याकाळी, आला होता. स्कूटर गल्लीच्या तोंडाशी लावून, झुपकेदार मिशांचा, ताठ चालीचा. काखेत तरटात गुंडाळलेलं लांबट काहीतरी. एका टोकाला रुंद, पुढं निमुळतं. म्हाताऱ्यानं ते दोन्ही हातांवर घेतलं, बाळ घ्यावं तसं. मिशावाला इकडेतिकडे बघत म्हणाला, "बाबा, गाजावाजा नको हां. दार लावून करा काय ते." आणि दार लागलं.

रोज रात्री टीव्हीवर पंजाबातल्या अतिरेक्यांच्या बातम्या, स्टेशनावर बेवारस वस्तूंचे फलक. नलिनी दुसऱ्या दिवशी जुईला कडेवर घेऊन मुद्दाम बोळात गेली.

"राधाताई, काल बाबांसाठी काय आलं हो ते? लांबसं?"

राधाताई भांडी घासत होती. तिचा हात थांबला नाही, मानही वर झाली नाही. "कुठं काय? खाटेचा खूर मोडलाय. तो बसवतायत."

"अच्छा."

त्या घरात खाट एकच होती, आणि ती लोखंडी होती.

इस्त्री परत आली त्या रात्री जेवताना तिनं सगळं जयवंतपुढे मांडलं. तो एका रंगाच्या कंपनीच्या गोदामात कारकून होता. भातावर आमटी ओतत तो ऐकत होता.

"नले, तू पोलिसांत का नाही गेलीस गं? टेलिफोनवाल्यांनी फुकट घालवली तुला."

"थट्टा नको. ती बंदूक आहे. मी आकार बघितलाय."

"म्हातारा सत्तरीचा आहे. बंदूक उचलली तर कंबर धरून बसेल."

"आपली पोरगी राहणार आहे त्या घरात. नऊ ते सहा."

"मग नको ठेवू. राजीनामा दे." तिचा चेहरा बघून त्यानं पटकन आवाज उतरवला. "अगं, मी म्हणतो एवढं आहे तर विचार ना सरळ."

"विचारलं. खोटं बोलली."

ताटावरून उठताना जयवंत म्हणाला, "बरं, असं कर. बंदुकीचं तेल वेगळं असतं. आमच्या गोदामात शंभर तेलं पडलेली असतात. वास दाखव, ओळखून देतो. मग तर झालं?" आणि हसत हात धुवायला गेला.

तो हसला, पण तिनं ते धरून ठेवलं.

गुरुवारी दुपारी राधाताई रॉकेलच्या रांगेत गेली. मुलं मामाकडे होती. म्हातारा डोक्याला पंचा गुंडाळून न्हाव्याकडे जाताना दिसला. बोळातलं मागचं दार नुसतं लोटलेलं. जुई पाळण्यात गाढ झोपली होती. नलिनीनं स्वतःला सांगितलं, मी हे जुईसाठी करतेय, आणि ती आत शिरली.

घर नेहमीसारखंच होतं. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, ताजा हार, खुंटीला मुलांची दप्तरं. या खोलीत ती कितीदा तरी बसून चहा प्यायली होती. आज चोरासारखी उभी होती. खाटेखाली तरट. तिनं ते ओढलं, आणि उकललं.

बंदुकीचा दस्ता. परेडमध्ये शिपाई खांद्याला लावतात तो. मागच्या टोकाला पितळी पत्रा, लाकडात ठोकलेले आकडे. अर्धा काळवंडलेला, चिकट. अर्धा घासून काढलेला, आणि त्या अर्ध्यातून मधासारखा रंग वर येत होता. नुसतं लाकूड. नळी नाही, घोडा नाही. लोखंड नव्हतं याचीच तिला जास्त भीती वाटली. मग लोखंड कुठं आहे? या घरात? आणखी कुणाच्या?

घासलेल्या भागावर एका ठिकाणी पाण्याचा डाग होता, त्रिकोणी, टोकाशी निमुळता. तिच्या इस्त्रीच्या टोकाइतकाच. म्हणजे आपली इस्त्री यासाठी नेली. उद्या पोलीस आले तर म्हणतील, इस्त्री कुणाची?

तिनं तरट होतं तसं गुंडाळलं. बाहेर येताना दोरीवरच्या सगळ्या चिंध्या ओरबाडल्या, मुठीत दाबून त्यांचा बोळा केला आणि एका जुन्या कापडी पिशवीत कोंबून गाठ मारली. जयवंत येईपर्यंत ठेवायची कुठं? राधाताई दिवसातून चारदा घरात यायची. जुईच्या धुतलेल्या दुपट्यांच्या टोपलीला मात्र नलिनीशिवाय कुणी हात लावत नसे. टोपली पाळण्याच्या बाजूलाच ट्रंकेवर होती. तिनं पिशवी टोपलीच्या तळाशी घातली, वर दुपटी रचली, वरून दाबली.

तासाभरानं दार वाजलं. म्हातारा. ताजी दाढी, कानाशी साबण राहिलेला.

"बाई, आमच्या दोरीवरली फडकी बघितलीसा का?"

"नाही बाबा," नलिनी म्हणाली. आवाज इतका सरळ निघाला की तिचं तिलाच नवल वाटलं. "कावळ्यानं नेली असतील."

"समदी?"

नलिनीनं दार अर्धं लोटून घेतलं. म्हातारा खाली बघत उभा राहिला. मग म्हणाला, "कुनी उचलून ठिवली आसतील तर बाई, ती—"

"बाबा!" राधाताई मागून धावत आली, रॉकेलचा डबा हातात तसाच. "चला घरात. चिंध्यांसाठी कुणी दारोदार फिरतं का?" तिनं त्याला दंडाला धरून ओढतच नेलं, नलिनीकडे न बघता.

नलिनीनं भिंतीला कान लावला.

"एकबी न्हाई राहिली! तुला कळंना का राधे—"

"हळू बोला. पलीकडं ऐकू जातं."

पलीकडं म्हणजे ती. नलिनीनं पुढच्या दाराला आतून खिटी घातली. चिंध्यांसाठी एवढा जीव टाकतायत म्हणजे त्या चिंध्यांत काहीतरी आहेच. आता जयवंत येऊ दे, मग बघू कोण हसतं ते.

ऊन कलायला लागलं. तिनं जुईसाठी दूध तापत ठेवलं तेव्हा जळकट वास आला. तेलकट, उग्र. तिनं दूध बघितलं. ते अजून निवांत होतं. मग तिच्या लक्षात आलं: जाळतायत. पलीकडं पुरावा जाळतायत. चिंध्या गेल्या हे कळलं, आता उरलेलं नष्ट करतायत.

तिनं बोळाकडची खिडकी घट्ट लावून घेतली. त्यांचा धूर आपल्या पोरीच्या नाकात नको.

वास कमी होईना, वाढतच गेला. ती भिंतीला कान लावून उभी होती. पलीकडे भांड्यांचा आवाज, रेडिओ, राधाताईचं खाकरणं. जाळण्याची काहीच गडबड नाही. आणि तेवढ्यात इकडून, तिच्याच मागून, जुई खोकली.

नलिनी खोलीत आली तेव्हा टोपलीतून धूर वर चढत होता, जाड, पिवळसर. वरच्या दुपट्याची कड तिच्या डोळ्यांदेखत लाल झाली आणि भप्पकन ज्वाळ उठली. पाळण्याची झालर तिथून हातभरही नव्हती.

आपण किंचाळलो हे तिला नंतर इतरांकडून कळलं. तिनं जुईला उचललं, दाराशी गेली. खिटी तिनंच घातलेली, आणि आता बोटांना सापडेना. बाहेरून दारावर धक्के बसत होते. "वहिनी! दार उघडा! वहिनी!" खिटी निघाली, आणि राधाताई तिला जवळजवळ ढकलूनच आत घुसली. तिच्या मागून म्हातारा. त्यानं इकडेतिकडे पाहिलं नाही. पेटलेली टोपली दोन्ही हातांनी उचलली, गल्लीत नेऊन आपटली. राधाताईनं मोरीतलं भिजलं पोतं तिच्यावर टाकलं, वर बादली ओतली. चर्रर्र झालं. झालर विझवायला समोरचा कुणीतरी आला. पाच मिनिटांत सगळं संपलं आणि गल्लीभर माणसं जमली.

पोतं बाजूला केलं तेव्हा अर्धवट जळलेल्या दुपट्यांतून पिशवी घरंगळली. फाटली होती. आतून काळ्या झालेल्या, एकमेकींत दाबून बसलेल्या चिंध्या बाहेर आल्या. अजून धुमसत होत्या.

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. राधाताईनं पाहिलं. मग तिनं नलिनीकडे पाहिलं. जुई तिच्याकडे झेपावत होती, हात पसरून, रडत. राधाताईचे हात सवयीनं पुढे आले, आणि मध्येच थांबले. तिनं ते मागे घेतले, पदराला पुसले आणि सासऱ्याला म्हणाली, "चला, दवाखान्यात. हात बघा तुमचे."

जयवंत घरात शिरेपर्यंत माणसांनी त्याला सगळं सांगून टाकलं होतं. त्यानं आधी जुईला चाचपून पाहिलं, मग एक जळकी चिंधी उचलून हुंगली.

"अळशीचं तेल आहे हे. लाकडाला लावतात." तो तिच्याकडे वळला. "याचा बोळा करून ठेवलास? नले, ही फडकी आतल्या आत तापतात. आपोआप पेट घेतात. आमच्याकडे पाण्याच्या डब्यात टाकतात, नाहीतर सुटी सुटी वाळत घालतात. गोदामात पाटीच लावलीय."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बंदूक म्हणालीस. चिंध्यांचं खूण-बिण म्हणालीस. तेल कसलं ते मला काय ठाऊक?" तो खाली बसला. "मीच म्हटलं ना, वास दाखव. माझीपण अक्कल शेण खायला गेली होती."

दिवेलागणीला दोघं पलीकडे गेले. म्हातारा खाटेवर टेकून बसला होता, दोन्ही तळवे मलमाच्या पट्ट्यांत. भीमराज नुकताच ड्यूटीवरून आला होता. त्यानं "या" म्हटलं आणि मुकाट्यानं पाणी आणायला गेला. नलिनी मनात घोकून आणलेलं वाक्य दारातच विसरली. ती नुसतीच म्हणाली, "चुकलं माझं."

"तरट सरकलंय. घरात कधी शिरलात?" राधाताईनं विचारलं.

"दुपारी. तुम्ही रॉकेलला गेल्यावर."

"बघितलंत ते?"

"हो."

राधाताई उठली, खाटेखालचं तरट काढलं आणि दस्ता सगळ्यांसमोर मांडून ठेवला. "घ्या. नीट बघा. कॉलेजातल्या एनसीसीच्या पोरांच्या बंदुका. नळ्यांना भोकं पाडलेल्या, नुसत्या कवायतीच्या. लोखंड तिथंच कपाटात कुलपात आहे. लाकडं सडून चालली होती. बाबा पलटणीत हेच काम करायचे. खड्डा पडला असेल तिथं ओलं फडकं ठेवून इस्त्री दिली की लाकूड फुगून वर येतं, म्हणून तुमची इस्त्री. स्कूटरवरून आले होते त्या सरांनी वर कुणाला न विचारता लाकूड तेवढं घरी दिलं, म्हणून गुपचूप."

"मला सांगितलं असतंत तर—"

"तर काय?" राधाताईचा आवाज चढला नाही, पण जयवंतनंही मान खाली घातली. "वहिनी, या गल्लीत आमच्या घरात काठी दिसली तर लोकांना तलवार दिसते. बंदुकीचं लाकूड दाखवायचं मी कुणाला? तुमच्यावर भरवसा होता तरी जीभ रेटली नाही. आणि बघा, बरोबरच निघाली माझी जीभ."

"राधे," म्हातारा म्हणाला, "पोर वाचली न्हवं? बास."

"तुमचं बास. हात तुमचे भाजले, पण सोमवारपासून पोर मी घेणार होते. उद्या ती रांगता रांगता पडली, टेंगूळ आलं, तर या काय म्हणतील? मी आता यांच्या पोरीला हात लावायला भिते."

नलिनीला वाटलं होतं, आपणच भिणाऱ्या. भिणं हे जणू आईपणाबरोबर आपल्याच वाट्याला आलेलं. समोरची बाई तिलाच घाबरून बसली असेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आईचं ते वाक्य तिला आठवलं. आपण तिच्यावर तडकलो होतो म्हणून ते आपलं नव्हे, असं ती धरून चालली होती.

"मी दुसरीकडे बघते," ती कशीबशी म्हणाली. चार दिवसांत दुसरीकडे काही मिळणार नव्हतं, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

जुई जयवंतच्या खांद्यावरून राधाताईकडे बघून टाळ्या वाजवत होती.

"शनिवारी या," शेवटी ती म्हणाली. "पोरीला घेऊन. पुढच्या दारानं. दिवसभर बसा. मग बघू."

शनिवारी नलिनी गेली. राधाताईनं चहा दिला, जुईला उचललं. दोन दिवसांनी प्रथमच. आणि दस्ता नलिनीपुढे ठेवला.

"सर उद्या येणार न्यायला. घासायचं उरलेलं ह्यांनी काढलं. तेलाचा शेवटचा हात राहिलाय, आणि बाबांना तर चमचा धरवत नाही."

"मी? मला कुठं येतं?"

"यायचंय काय त्यात?" म्हातारा खाटेवरून म्हणाला. "चार थेंब घ्या तळव्यावर. फडक्यानं न्हाई, हातानं. लाकूड ऊन लागंस्तोवर चोळायचं."

"भिंतीकडे तोंड करून बसा," राधाताई म्हणाली. "उजेड तिथून येतो."

भिंतीकडे तोंड म्हणजे जुईकडे पाठ. नलिनी बसली. तेल थंड होतं, वास तोच. ती चोळायला लागली. पहिल्यांदा लाकूड परकं, गार लागलं. मग तळवा तापला, आणि त्याखाली लाकूडही. आकडे ठोकलेल्या जागी बोटं अडखळत होती. मागे खुळखुळा वाजला. मग वाजायचा थांबला. जुई हसली. मग काहीतरी खाली पडल्याचा आवाज, आणि काहीच नाही.

काहीच नाही. तिनं पाचदा हात फिरवला, दहादा फिरवला. एवढी शांतता कशाची? तोंडात काय घातलं तिनं? म्हाताऱ्याची पटाशी, खिळे, कुठं असतील? मान वळवायची नाही, असं ठरवूनच ती आली होती.

तिनं मान वळवली.

जुई राधाताईच्या मांडीवर पालथी पडून बिस्किटाचा चिखल करत होती. राधाताई जुईकडे बघत नव्हती. ती नलिनीच्या पाठीकडे टक लावून बसली होती, किती वेळ कोण जाणे.

दोघींची नजर भिडली.

"बघा, बघा," राधाताई म्हणाली. "मीपण बघतेय."

म्हातारा खोकल्यासारखं हसला. नलिनीला हसू आलं नाही, पण डोळे खाली करावेसेही वाटले नाहीत.

"सोमवारी नऊला सोडू?" तिनं विचारलं.

"पावणेनऊला. ह्यांची ड्यूटी नवाला असते, साडेआठला निघतात; त्याआधी डबा भरताना मला पोर पायात नको." राधाताईनं जुईची हनुवटी पुसली. "आणि संध्याकाळी आलात की आधी हाक मारायची. खिडकीतून नाही बघायचं."

"नाही बघणार."

"बघाल हो," राधाताई म्हणाली. "चोळा आता. गार होतंय."